अख्खं द्राक्ष

चार वाजता तपासणीच्या बाई येणार होत्या आणि घरची मंडळी अडीचलाच खाली पाळणाघरात जमली. म्हणजे भांडायला दीड तास हक्काचा होता. या घराला तेवढाही पुरत नाही, ही गोष्ट वेगळी.

शनिवार, त्यामुळे बाकीची मुलं नव्हती. अकरा बुटक्या खुर्च्या भिंतीला लावून ठेवलेल्या. मोठ्या माणसाला बसण्याजोगी खुर्ची एकच, ती तात्यांनी धरली. तीस वर्षं कोर्टात लघुलेखक म्हणून बसलेला माणूस, खुर्ची कशी धरायची हे त्यांना कोणी शिकवायला नको. धाकटा लेक खिडकीला टेकला. सुना दोन्ही उभ्या, एक या भिंतीशी, दुसरी त्या. कोपऱ्यातल्या गादीवर चिंगी झोपली होती, धाकट्याची अडीच वर्षांची लेक. आजच्या सगळ्या रामायणाचं कारण ती, आणि घरात शांत तेवढी तीच. थोरला जहाजावर होता. त्याला फोनवर 'सगळं ठीक आहे' म्हणून सांगितलं होतं आणि त्याने नेहमीप्रमाणे विश्वास ठेवला होता.

"वाचतो," तात्या म्हणाले आणि त्यांनी कार्यालयाचं पत्र चौथ्यांदा वाचलं. "'सोमवारी दुपारी सव्वाच्या सुमारास बालिकेच्या घशात अख्खं द्राक्ष अडकून श्वास बंद पडला. बालिका त्या वेळी परवानाधारक पाळणाघरात होती. संचालिकेचा निष्काळजीपणा आढळल्यास परवाना रद्द करण्यात येईल व पुढील कारवाई न्यायालयात होईल.' पुढील कारवाई म्हणजे काय ते मला विचारू नका. पिंजऱ्यात उभी राहिलेली माणसं मी पाहिलीत."

"कोण विचारतंय?" थोरली म्हणाली. पाळणाघर तिचंच. "माझ्याकडे अख्खं द्राक्ष येतच नाही, तात्या. उभं चिरायचं, चार फोडी करायच्या. आडवं चिरलं तरी मी चालवून घेत नाही. शेंगदाणा नाही, चणा नाही, गाजर शिजवल्याशिवाय नाही. बसून खायचं, आणि तोंडात घास असताना कोणी मुलाला हसवायचं नाही. अकरा वर्षं झाली. विचारा कुठल्याही आईला."

"कुठल्याही आईला कशाला?" धाकटी म्हणाली. "ही एक उभी आहे की इथे."

झालं. ठिणगी पडली.

खरं सांगायचं तर थोरलीने त्या दिवशी पोरीचा जीव वाचवला होता. चिंगी गळा धरून उभी, तोंड उघडं, आवाज नाही, ओठ निळे. थोरलीने तिला हातावर ओणवी धरून पाठीवर पाच थापा दिल्या, मागून कवळून पोटावर दाब दिला, पुन्हा थापा, पुन्हा दाब, आणि ते मेलं द्राक्ष उडून समोरच्या भिंतीवर आपटलं. डॉक्टर म्हणाले, आणखी एक मिनिट गेलं असतं तर आम्ही काही करू शकलो नसतो. दोन रात्री दवाखान्यात ठेवून घरी पाठवली. घसा अजून बसलेला होता, एवढंच.

पण धाकटीच्या मनात दवाखान्यातली दुसरीच गोष्ट रुतून बसली होती. ती चष्म्याच्या दुकानात कामाला, तिथूनच धावत गेली, पदर कुठे, पर्स कुठे, आणि पोरीने डोळे उघडून काय विचारलं? "मोठीआई कुठंय?" आई समोर उभी. रडून रडून डोळ्यांचे टोमॅटो झालेली. आणि पोरगी तिच्या खांद्यावरून मागे दाराकडे बघत होती. तेवढ्यात डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं, कुठे खाल्लं होतं. धाकटी म्हणाली, "पाळणाघरात." एकच शब्द. खोटाही नाही आणि खराही नाही. डॉक्टरांनी तो फॉर्मवर लिहिला, फॉर्म कार्यालयात गेला, आणि आज त्याच शब्दाला चार वाजता पाय फुटून तो दारात येणार होता.

"मी काय म्हणतो," तात्या म्हणाले, "सगळ्यांनी एकच जबाब द्यायचा. द्राक्ष कुठून आलं माहीत नाही. संपलं. 'माहीत नाही' याच्याइतकं मजबूत वाक्य मी कोर्टात दुसरं ऐकलं नाही."

"माहीत नाही कसं?" धाकटी म्हणाली. "मूल ज्यांच्याकडे ठेवतो त्यांनाच माहीत नाही, तर मग ठेवतो कशाला?"

"अगं, हळू. उठेल ती," थोरली म्हणाली.

"उठू दे. माझी मुलगी आहे. कधी उठवायची, कधी झोपवायची, ते तरी मला ठरवू द्या, जाऊबाई."

धाकटा खिडकीशी चुळबुळला. लिफ्टदुरुस्तीचं काम करणारा हा माणूस. वीस मजल्यांच्या खड्ड्यात दोरावर लोंबकळताना घाबरत नाही, पण या दोघींच्या मधे उभं राहायचं म्हटलं की तो खिडकी शोधतो. आई गेली तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि वहिनी नुकतीच घरात आलेली. त्याचा डबा तिने भरला, तापात उशाशी ती बसली, दहावीला नापास झाला तेव्हा तात्यांच्या आणि त्याच्या मधे ती उभी राहिली. आजही तो तिला 'वहिनी, तू' म्हणतो. धाकटीला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात तो 'तू' खटकला होता, आणि आज सहा वर्षांनीही कानात गेल्यावर टोचत होता. नवरा आधीच अर्धा वाटून मिळालेला. म्हटलं, मूल तरी अख्खं मिळेल, तर तेही खालच्या मजल्यावर!

"हे बघ," धाकटा बायकोला म्हणाला, "वहिनीच्या हातून असं होणारच नाही. दुसऱ्या कोणाच्या मुलाच्या डब्यातून आलं असेल. तू उगाच तिच्यावर रोख धरू नकोस."

"का? त्यांच्या हातून चूक होऊ शकत नाही? देव आहेत का त्या?"

"देव नाही, पण मुलांच्या बाबतीत... आता खरं बोललो तर तुला राग येईल."

"बोल. बोलच."

बोलायला नको होतं. पण बायकोने 'बोलच' म्हटल्यावर गप्प बसण्याइतकी अक्कल पुरुषांना असती तर कादंबऱ्या लिहायला विषयच उरले नसते.

"चिंगी दिवसभर तुझ्याजवळ असती ना," तो म्हणाला, "तर मला कामावर धड लक्ष देता आलं नसतं. वहिनीजवळ आहे म्हणून मी निर्धास्त असतो."

धाकटीच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की पुढचं मागचं सगळं विसरून ती ओरडली, "निर्धास्त? मी दिली तिला द्राक्षं! मी! सोमवारीच नाही, रोज देते! रोज एक वाजता दुकानातून येते, बाहेर चपलांच्या कपाटापाशी उभी राहते, आणि ती धावत येते माझ्याकडे. तुझ्या वहिनीच्या चार फोडी ताटलीत टाकून येते! 'आई, अख्खं दे' म्हणते. अख्खं! कोणाच्या हातचं आवडतं ते बघ आधी, आणि मग हो निर्धास्त!"

किती अभिमानाने बोलली ती! बोलून झालं, आणि आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं. ती मटकन बुटक्या खुर्चीवर बसली. गुडघे हनुवटीला लागले.

तात्यांनी पत्राची घडी घातली.

"चार दिली त्या दिवशी," धाकटी जमिनीकडे बघत म्हणाली. "दोन तिने माझ्यासमोर खाल्ली. दोन मुठीत धरून आत पळाली. मला उशीर झाला होता. मी म्हटलं, मोठीआईला सांगू नकोस हं. आणि गेले." तिने तोंडावर हात दाबला. "मला वाटलं, चावून खाते की ती आता."

सगळ्यांनी थोरलीकडे बघितलं. आता ही कडाडणार, कडाडायचा हक्कच आहे तिला. पण थोरलीच्या चेहऱ्यावर नवलाची रेषसुद्धा नव्हती.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?" धाकट्याने विचारलं.

"ही रोज येते ते. सोमवारी दिलेलंही पाहिलं मी. स्वयंपाकघराच्या दारातून ते कपाट दिसतं."

"वहिनी, तू पाहिलंस? आणि थांबवलं नाहीस?"

आता थोरली काय सांगणार होती? दारातून तिने काय पाहिलं होतं, ते सांगायला शब्द तरी आहेत का? पोरगी आईच्या कमरेला मिठी मारून अशी हसत होती, की तशी एकदाही खाली हसली नव्हती. अकरा मुलं रोज सहाला आपापल्या घरी जातात, त्याचं तिला काही वाटत नाही. पण ही बारावी जिना चढून वर जाते, आणि रोज सहाला थोरलीला तिला सोडवत नाही. भरवणारी ती, शी काढणारी ती, पहिलं पाऊल पाहणारी ती. आणि चार द्राक्षांत पोरगी फितूर! सोमवारी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घे तुझी लेक, असं मनात म्हणत तिने पाठ फिरवली आणि आत जाऊन पातेली आपटत बसली. तीन-चार मिनिटं. मग बाहेर आली तो चिंगी गळा धरून उभी.

"नाही थांबवलं," ती म्हणाली. "राग आला होता."

"धन्य आहे," तात्या म्हणाले. "एकीने चोरून दिलं आणि दुसरीने चोरून पाहिलं. आणि मधल्या मधे पोरीचा जीव जात होता." मग त्यांच्यातला लघुलेखक जागा झाला. "वहीत काय आहे?"

वही म्हणजे ताब्याची वही. थोरलीची शिस्त अशी, की मूल सकाळी कोणी आणलं, कधी आणलं, सही. संध्याकाळी कोणी नेलं, सही. मधे कोणाचे आईबाप दोन मिनिटं भेटायला आले आणि मूल उंबऱ्याबाहेर गेलं, तरी सही. त्या सहीपर्यंत मूल तिचं. फक्त चिंगीच्या रांगेत दोन्हीकडे सही थोरलीचीच असे. आणणारी तीच आणि नेणारीही तीच. धाकटीने सुरुवातीला एकदा पेन मागितलं होतं. "राहू दे गं, घरचीच तर आहे," म्हणून थोरलीने वही मिटली होती. धाकटीला त्यातली मेख तेव्हाच कळली होती. बाकी सगळ्या मुलांना वहीत आई होती.

"वहीत साडेआठची माझी सही आहे," थोरली म्हणाली. "दुपारची नोंद नाही."

"म्हणजे कायद्याने मूल तुझ्या ताब्यात," तात्या म्हणाले. "आईने दिलं असं सिद्ध झालं, तर ठपका तिच्याकडेही जातो. आईच्या विरुद्ध चौकशी लागते ती घरात येऊन लागते. मूल आईजवळ सुरक्षित आहे की नाही, हे परकी माणसं ठरवतात. मी अशी प्रकरणं टंकलेली आहेत. वर्षानुवर्षं चालतात."

तेव्हा धाकटा खिडकीपासून हलला आणि बायकोच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. चारच पावलं. पण थोरलीने ती मोजली.

"वहिनी," तो म्हणाला, "तू म्हण ना, की चिरताना एक चुकून राहिलं. तुझं इतक्या वर्षांचं नाव आहे. ताकीद देऊन सोडतील. फार तर परवाना जाईल, पुन्हा मिळेल. पण हिच्यावर ठपका आला तर तो जन्माचा. ही आई आहे तिची."

"आणि मी कोण, भाऊजी?"

"तू... पाळणाघर तुझं आहे ना वहिनी. तुझ्याकडे असा ठपका कामाचा भाग म्हणून येतो. तसं म्हणायचंय मला."

"कळलं," थोरली म्हणाली.

धाकटीने मान वर केली नाही. पण खोटं कशाला बोला, त्या क्षणी तिला बरं वाटलं. नवरा सहा वर्षांत पहिल्यांदा तिच्या बाजूला येऊन उभा राहिला होता. पोरीचा जीव जाता जाता वाचला, घरावर हे संकट, आणि बाईला कशाचं बरं वाटत होतं बघा! मत्सर हा असाच असतो, त्याला काळवेळ नसते.

"बरं," थोरली म्हणाली. "म्हणते तसं."

चारला पाच मिनिटं असताना तपासणीच्या बाई आल्या. सुती साडी, पायात सपाट चप्पल, काखेत फाइल. आल्या आल्या स्वयंपाकघर पाहिलं, सुरी पाहिली, चिरण्याची फळी पाहिली, भिंतीवरची नियमांची यादी वाचली. तात्यांनी खुर्ची सोडली. बाई बसल्या आणि वही चाळायला लागल्या.

"फार नीट ठेवलंय," त्या म्हणाल्या. "अशी वही मी दुसरीकडे पाहिली नाही. मग हे झालं कसं?"

"माझीच चूक झाली," थोरली म्हणाली. "त्या दिवशी चिरताना एक द्राक्ष चुकून..."

"खोटं आहे," धाकटी म्हणाली.

धाकट्याने तिचा खांदा दाबला. तिने तो झटकला. तिच्या डोळ्यांपुढे पुढची वीस वर्षं उभी राहिली होती. रोज जिन्यात जाऊबाई भेटणार. बोलणार काही नाहीत, नुसत्या चांगल्या वागणार. घरातलं प्रत्येक माणूस मनात म्हणणार, थोरलीने धाकटीला वाचवलं. पोरीला तर वाचवलंच होतं! आता आईलाही? एवढे उपकार घेऊन जगायचं म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

"मी दिलं," ती म्हणाली. "अख्खं. चोरून. मी आई आहे तिची, आणि त्या वेळी ती माझ्याजवळ होती. माझ्या ताब्यात. माझं नाव लिहा."

बाईंनी पेन उघडलं. "असं असेल तर संचालिकेची जबाबदारी पुष्कळ कमी होते." त्या थोरलीकडे वळल्या. "मला एवढंच सांगा. यांनी मुलीला खायला दिलं, ते तुम्हाला दिसलं होतं का?"

एक 'नाही' म्हटलं की सुटली. परवाना राहिला, अकरा मुलं राहिली, नाव राहिलं. तात्यांनी मागून खाकरून तेच सुचवलं. धाकटासुद्धा आता मान हलवत होता, म्हण, वहिनी, नाही म्हण.

पण 'नाही' म्हणायचं म्हणजे काय म्हणायचं होतं? की पोरगी चार मिनिटं कुठे होती ते मला ठाऊक नव्हतं. की ती चार मिनिटं तिच्या आईची होती. थोरलीने धाकटीकडे पाहिलं. 'माझ्या ताब्यात' म्हणाली होती! वहीत एक सही नाही, आणि म्हणे माझ्या ताब्यात!

"दिसलं होतं," थोरली म्हणाली. "सगळं दिसलं होतं. ही मुलगी माझ्या नजरेआड कधी गेलेलीच नाही. वही बघा. साडेआठला माझ्याकडे आली, आणि त्यानंतर मी ती कोणाला दिलेली नाही. ताबा माझाच होता."

"माझा होता," धाकटी म्हणाली.

"माझा. लिहा तुम्ही."

बाईंनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकमेकांवर ढकलणारी माणसं पुष्कळ पाहिली होती. ठपक्यासाठी भांडणाऱ्या दोघी पहिल्यांदाच पाहत होत्या.

"रकाना एकच आहे," त्या म्हणाल्या. "आणि वहीत सही यांची आहे. यांनी पाहिलं आणि थांबवलं नाही, असा जबाब आहे. आईंना समज देईन, त्यांनी महिनाभर आमच्या बालसंगोपनाच्या वर्गाला यायचं. पण जबाबदारी संचालिकेची." त्यांनी लिहिलं, खाली शिक्का मारला. "चौकशी पूर्ण होईपर्यंत पाळणाघर बंद. एकही मूल तुमच्या देखरेखीखाली ठेवायचं नाही."

"नाही ठेवणार," थोरली म्हणाली. तिची मान ताठ होती. "सगळ्या आयांना आजच फोन करते."

"एकही म्हणजे घरातलंही नाही," बाई म्हणाल्या. "ही मुलगीसुद्धा. ती तर आधी."

थोरलीला ते कळायला वेळ लागला. सगळ्यांना कळलं, तिला शेवटी कळलं.

"अहो, पण ती वरच राहते," ती म्हणाली. "घरातलीच आहे हो ती."

"राहू द्या. भेटा, बोला, सगळ्यांसमोर. पण सोपवायची नाही, भरवायची नाही. पुन्हा काही झालं तर मग माझ्याही हातात काही राहणार नाही."

बोलण्याने चिंगी उठली. गादीवर बसून तिने डोळे चोळले, खोलीभर माणसं पाहिली आणि बसक्या आवाजात म्हणाली, "मोठीआई, भूक." आणि दोन्ही हात वर केले.

थोरली एक पाऊल पुढे गेली आणि थांबली. बाईंच्या समोर थांबली. धाकटीने जाऊन लेकीला उचललं. पोरगी तिच्या खांद्यावरून मागे वाकून हात पसरत राहिली आणि मग रडायला लागली. धाकटी तिला थोपटत होती. दोन वर्षं तिने हेच मागितलं होतं, नेमकं हेच, आणि आता ते तिच्या कडेवर लाथा झाडत होतं.

"शेवटचं एक," बाई म्हणाल्या. रडण्यामुळे त्यांना आवाज चढवावा लागला. "सोमवारपासून मूल दिवसभर कोणाकडे असेल, ते लिहावं लागतं मला."

दोघींचीही तोंडं एकदमच उघडली. मग धाकटीने थोरलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि जे उत्तर ती दोन वर्षं मनात घोकत होती ते तिला देता येईना.

"आईकडे," थोरली म्हणाली. "लिहा. तिच्या आईकडे."

बाईंनी लिहिलं, आणि कागद सहीसाठी धाकटीपुढे सरकवला.